बारा मिनिटं, चाळीस सेकंद

आमच्या कट्ट्यावर कौतुकाला बंदी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते त्या एका नियमातून झालं.

कट्टा म्हणजे ‘सी विंगचे सज्जन’ या मालिकेच्या चाहत्यांचा इंटरनेटवरचा अड्डा. मालिका कार्टूनची, पण मुलांना बाहेर पिटाळून बघायची. चार मजल्यांची एक सोसायटी, तिचा दारुडा सेक्रेटरी, त्याची तीन वेळा माहेरी जाऊन परत आलेली बायको, आणि अकरा वर्षं बंद पडलेली लिफ्ट. शिव्या इतक्या अस्सल, की सांगलीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी त्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. दर शुक्रवारी नवा भाग यायचा आणि रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही नऊ हजार माणसं त्याचा पंचनामा करायला बसायचो. मिनिट, सेकंद आणि दोष, एवढंच लिहायचं. ‘७:१२ – संवाद पुस्तकी.’ ‘९:०५ – दार वाजायच्या आधीच वहिनी दचकली.’ कुणी ‘वा, मजा आली’ असं लिहिलं की तन्वीर मुजावर ते पुसून टाकायचा.

तन्वीर हा कट्ट्याचा संस्थापक. मिरजेत त्याच्या घराण्याचं तानपुरे-सतारींचं दुकान आहे. तो म्हणायचा, “मालिका चांगली आहे म्हणूनच जमलोय की आपण. मग तेच तेच कशाला उगाळायचं? चुकलंय कुठं ते सांगा.” मला हे फार पटायचं. मी वजनमापं खात्यात निरीक्षक. अठ्ठावीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासत आले. जो तराजू बरोबर आहे त्याच्याबद्दल बोलायचं काही नसतं, शिक्का मारायचा आणि पुढच्या दुकानात जायचं. कट्ट्यावर माझं टोपणनावही ‘तराजू’च होतं. माझे पंचनामे सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत अचूक असायचे, आणि त्याचा मला भलता तोरा होता.

तराजू म्हणजे सांगलीची हेमांगी मगदूम, हे फक्त तन्वीरला ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याला नव्हतं. त्याच्यापासूनच तर मी ते लपवलं होतं, कारण मालिकेतल्या मारुती लिफ्टमनचा आवाज माझ्या नवऱ्याचा, जयवंतचा होता.

*

मारुती बंद लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसलेला असतो. लिफ्ट चालत नाही, पण त्याला काढून टाकायचा ठराव मांडायचं कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. सोसायटीतली माणसं लिफ्टमध्ये शिरतात, जाळीचं दार ओढून घेतात आणि त्याच्यापाशी मन मोकळं करतात. दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात सेक्रेटरीची बायको अशीच येते आणि विचारते, “मारुती, खरं सांग. माझं ह्यांच्यावर प्रेम आहे का रे?”

मारुती गप्प बसतो. मग म्हणतो, “कितव्या मजल्यापर्यंत, वहिनी?”

कागदावर लिहिलं की यात काही नाही. जे काही होतं ते त्या गप्प बसण्यात होतं. जयवंत तिथं तीन सेकंदांहून थोडा जास्त थांबला होता. तेवढ्यात मारुतीला तिची कीव येते, त्याला खरं उत्तर सुचतं, ते तो गिळतो आणि आपल्या ड्युटीवर परत येतो, हे सगळं काही न बोलता ऐकू यायचं. त्या जागेला लोक पोट धरून हसायचे आणि हसता हसता एखादीचे डोळे भरून यायचे.

जयवंतचं सगळं कसब त्या थांबण्यात होतं, अगदी कॉलेजपासून. आमची ओळखही त्यातूनच झाली, म्हणजे भांडणातून. एकांकिका स्पर्धेत तो नायकाच्या म्हाताऱ्या चुलत्याचं काम करत होता आणि मी विंगेत प्रॉम्प्टिंगला होते. ऐन विनोदाच्या आधी तो थांबला. मला वाटलं विसरला. मी एवढ्या जोरात वाक्य सांगितलं की तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. विनोद जागच्या जागी मेला. नाटक संपल्यावर तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, “तो विसर नव्हता गं. ती माझी जागा होती.” पुढं माझ्याशीच लग्न केलं त्यानं, हा त्याचा मोठेपणा. सासूबाईंसमोर मी ‘अहो’ म्हणायची आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या की ‘जया’.

त्याचा एकच हट्ट होता. विनोद एकदाच सांगायचा. समोरच्यानं ‘काय म्हणालास?’ असं विचारलं की तो हात हलवायचा. गेली गाडी. मीही कितीदा तरी मागं लागले असेन, पण त्यानं परत म्हणून सांगितलं नाही.

तिसरा सीझन संपता संपता त्याच्या घशात गाठ निघाली. मिरजेत ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला. मानेला पुढं एक भोक राहिलं श्वासापुरतं, आणि आवाज कायमचा गेला.

*

तीन महिन्यांनी त्याला कंठिका बसवली. ही काय वस्तू आहे ते सांगायला हवं.

स्वरयंत्र काढलं तरी मेंदू बोलायचं सोडत नाही. जिभेला, जबड्याला, ओठांना त्याच्या आज्ञा जातच राहतात आणि स्नायू हलतात, फक्त नाद निघत नाही. कंठिका म्हणजे हनुवटीखाली चिकटवायची बोटभर पट्टी. स्नायू हलताना त्यांत जी बारीकशी वीज खेळते ती ही पट्टी टिपते, त्यावरून शब्द ओळखते आणि कॉलरला लावलेल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून बोलते. आता ही वीज फार क्षीण असते, त्यामुळं यंत्राला निम्मं वाक्य ओळखावं लागतं आणि निम्मं अंदाजानं पुरं करावं लागतं. शिवाय शब्द कळले तरी ते म्हणायचे कसे, कुठं चढायचं, कुठं थांबायचं, हे स्नायूंवरून कळत नाही. ते त्या माणसाच्या जुन्या बोलण्यावरून शिकावं लागतं. त्याला म्हणतात आवाजाचा नमुना.

घरात जयवंतचं बोलणं फारसं साठवलेलं नव्हतं. आमच्या सगळ्या व्हिडिओंत कॅमेरा त्याच्याच हातात, म्हणून त्याचा आवाज ‘इकडं बघा’ एवढ्यापुरताच. पण मालिकेचे एकसष्ट भाग होते. मात्र करारानुसार मारुतीचा आवाज स्टुडिओच्या मालकीचा होता. स्टुडिओनं मन मोठं केलं. नमुना वापरा म्हणाले, फक्त तो राहील आमच्याच सर्व्हरवर. कारण पुढच्या सीझनमध्ये मारुतीचं काम यंत्रच करणार होतं, त्याच नमुन्यावरून. विहीर एक, रहाट दोन. आम्ही त्यांचे पाय धरायचे बाकी होते.

पहिल्या दिवशी पट्टी लावून डॉक्टर बाजूला झाले. मी विचारलं, “जया, कसं वाटतंय?”

तो काहीच बोलला नाही. यंत्र बिघडलं असं वाटून मी डॉक्टरांकडं वळले. आणि मग त्याच्या कॉलरमधून त्याचाच आवाज आला, “कितव्या मजल्यापर्यंत?”

मी ओढणीत तोंड खुपसून हसले आणि रडले. डॉक्टरांना काही कळेना.

*

चौथ्या सीझनपासून लेखकमंडळी एकेक करून गेली आणि मालिका यंत्र रचायला लागलं. स्टुडिओत त्या यंत्राला ‘संपादक’ म्हणायचे. तिथून कट्ट्यावर जो वाद पेटला तो काही विझला नाही. मालिका घसरली हे सगळ्यांना मान्य, पण कुठून घसरली? एक तट म्हणायचा चौथ्यापासून, दुसरा म्हणायचा चौथा बरा होता, पाचव्यात माती झाली. नागपूरच्या एकानं आलेख काढले. पुण्यातल्या दोन सख्ख्या भावांनी एकमेकांना ब्लॉक केलं. मी अर्थातच चौथ्याच्या तटात होते आणि समोरच्याची सालटी काढण्यात कमी पडत नव्हते.

पण एक गोष्ट विचित्र होती. दोष सापडत नव्हते. पहिल्या सीझनच्या भागाला आम्ही दीडदोनशे नोंदी करायचो. सहाव्या सीझनला तीन, नाहीतर चार. संवाद नेटके, दारं वेळेवर वाजणारी, वहिनी वेळेवर दचकणारी. चुकलं म्हणावं असं काही नाही आणि हसूही नाही. त्यानं आम्ही जास्तच चिडलो. आता सेकंदाच्या दहाव्या हिश्शातली खोट शोधायला लागलो.

जयवंतला या सगळ्याची गंमत वाटायची. सकाळी चहा घेताना तो कट्टा उघडून मला वाचून दाखवायचा.

“या तराजूला कान आहेत बघ. बाई असणार.”

“कशावरून?”

“पुरुष एवढा वेळ ऐकून घेत नाही.”

मी चहाच्या कपात तोंड घातलं. सांगून टाकायला तीच वेळ बरी होती, पण मला ती कौतुकाची चव सोडवेना. नऊ हजार माणसांना बंदी असलेली गोष्ट मी एकटी घरी बसून चाखत होते.

मग एका रविवारी शेजारचे आवटी पतिपत्नी आले. मी भडंग केलं होतं. जयवंतनं गाठ निघाली तेव्हाचा एक किस्सा सांगितला, डॉक्टर आणि वॉर्डबॉय यांच्या गोंधळाचा. नव्या नव्या पाहुण्यांपुढं सांगताना हा किस्सा मी वीसदा ऐकला होता आणि वीसदा हसले होते. या वेळी तो संपला आणि आवटी म्हणाले, “हो ना, हो ना.” आवटीवहिनींनी भडंगात शेंगदाणा शोधला. मीही हसले नाही. मला ते उशिरा कळलं, त्याला लगेच कळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं ते मला अजून आठवतं.

पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, “हेमा, मी थांबतोय गं. मी थांबतो आणि हे बोलून मोकळं होतं.”

हे वाक्यसुद्धा कंठिकेनं सपाट सुरात म्हटलं, बातम्या दिल्यासारखं.

मी मोजलं. दुसरं येतं काय मला? फोनवर त्याचं बोलणं घेतलं आणि दोन वाक्यांमधली जागा मोजली. सेकंदाचे चार दशांश. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा चार दशांश. ऑफिसात असा काटा आला असता तर मी डोळे मिटून शिक्का मारला असता.

*

दुसऱ्याच दिवशी तन्वीरचा फोन आला. “मगदूम वहिनी, दुकानात येऊन जावा. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

मी दुपारी मिरजेला गेले. भोपळ्यांच्या राशीतून वाट काढत त्यानं मला आतल्या खोलीत नेलं आणि दोन पडदे शेजारी शेजारी लावले. स्टुडिओनं गेल्या महिन्यात पहिल्या तीन सीझनची ‘सुधारित आवृत्ती’ काढली होती. एका पडद्यावर ती होती. दुसऱ्यावर त्याच्याकडच्या एका जुन्या डिस्कवर चुकून राहिलेले चार भाग, पूर्वीचे. त्यानं दोन्हीकडं बारा मिनिटं चाळीस सेकंद लावलं.

जुन्यात सेक्रेटरीची बायको विचारते, मारुती गप्प बसतो, आणि मग ते वाक्य येतं. मी तिथंही हसले. नव्यात ती विचारते आणि मारुती उत्तर देतो, बँकेतल्या कारकुनासारखं.

“त्यांनी सुधारणांची यादी पण टाकलीय,” तन्वीर म्हणाला आणि खाली बघायला लागला. “तुम्हीच वाचा.”

‘सीझन २, भाग ६, १२:४०. पॉज ३.४ सेकंदांवरून ०.४ सेकंदांवर आणला. आधार : प्रेक्षकनोंद. नोंदकर्ता : तराजू.’

मला ती नोंद आठवली. पाच वर्षांपूर्वी कट्ट्यावर कुणीतरी टोमणा मारला होता की तराजू मारुतीला सांभाळून घेतो. मला ते झोंबलं. घरच्या वजनाला सूट नाही, हा माझा बाणा. म्हणून मी मारुतीच्या प्रसंगात दोष शोधायला बसले. तासभर बसले, दोष सापडेना. सापडेना म्हणून मी लिहिलं : ‘१२:४० – पॉज लांबला. तीन सेकंद जास्त.’ लिहिताना मी त्याच पॉजला हसत होते. शपथेवर सांगते, हसत होते.

“पण एका नोंदीनं असं कसं होईल?” मी विचारलं.

“एक कसली वहिनी? पहिली तुमची. तराजूनं म्हटल्यावर पुढं चारशे जणांनी मारुतीचा एकेक पॉज धरला.” तो स्टुलावर बसला. “हे बघा, यंत्राला हसू मोजता येत नाही. एकटा माणूस आतल्या आत हसतो, चारचौघांत शेजारचा हसला म्हणून हसतो. सगळं गढूळ. पण आपले पंचनामे? सेकंदासकट, नावासकट, सात वर्षांचे. एवढा स्वच्छ माल त्याला दुसरीकडं कुठं मिळणार? ते आपल्यावरच शिकलं. आपण जे जे खुपलं म्हटलं ते ते काढत गेलं. जुन्यातनंही काढलं आणि नमुन्यातनंही.”

“आणि जे आवडलं ते?”

“ते मीच पुसत होतो की.”

तांदळातले खडे वेचावेत तसं आम्ही सात वर्षं वेचत होतो, आणि सुपात काय राहतंय ते बघितलंच नव्हतं. तन्वीरनं भिंतीला टेकवलेला एक तानपुरा पुढं ओढला आणि तार छेडली. ती गुंजत राहिली. मग घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा बारीक दोरा त्यानं ओढून काढला आणि पुन्हा छेडली. टक्क असा स्वच्छ आवाज आला आणि संपला.

“जवारी काढली, तारेची गुंज गेली,” तो म्हणाला. “ऐकायला साफ आहे. पण गाणार कोण याच्यावर?”

त्याच्या त्या चार भागांवरून नवा नमुना करता येईल का, असं मी विचारलं. त्यानं आधीच हिशेब केला होता. चार भागांत मारुती मिळून अकरा मिनिटं बोलतो. कंठिकेला निदान दोन तास लागतात.

*

स्टुडिओत सानिका बेंद्रे नावाच्या बाई फोनवर आल्या. बोलायला गोड होत्या.

“मॅडम, मूळ प्रती आता नाहीत. सुधारित आल्यावर दोष असलेल्या प्रती कशाला ठेवायच्या, म्हणून काढून टाकल्या. पण संपादक रोज शिकत असतो हं. तुमच्या कट्ट्यानं उलट नोंदी केल्या तर तो नक्की विचार करेल.”

आवटी येऊन गेल्यापासून जयवंतनं कट्टा उघडायचं सोडलं होतं. मी तराजू या नावानंच लिहिलं. ‘दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागातली माझी १२:४०ची नोंद खोटी होती. पॉज बरोबर होता. त्या नोंदीमुळं एका जिवंत माणसाचं बोलणं गेलंय. हात जोडून सांगते, सगळ्यांनी मारुतीचा पॉज कमी पडतो अशी नोंद करा.’

चार दिवस वाद चालला. एक म्हणाला तराजूचं वय झालं. दुसरा म्हणाला हा स्टुडिओचा डाव आहे, सातव्या सीझनची जाहिरात. तिसरा म्हणाला मुळात मारुतीच डोक्यावर चढवलेला आहे. नागपूरच्या आलेखवाल्यानं सिद्ध केलं की मूळ पॉज ३.४ नव्हताच, ३.१ होता, आणि दोन दिवस सगळे त्यावरच भांडले. मी प्रत्येकाला उत्तर देत होते, विनवत होते. पाच वर्षांपूर्वी मीही हेच केलं असतं, हे मला पदोपदी कळत होतं. तन्वीर मात्र शेवटपर्यंत माझ्या बाजूनं लढला. पाचव्या दिवशी दोनेक हजार लोकांनी नोंदी केल्या. पण पंचनामा तो पंचनामा, प्रत्येकानं वेगळं मिनिट आणि वेगळा सेकंद धरला.

संपादकानं त्यातून काढायचा तो अर्थ काढला. शुक्रवारी नमुना बदलला.

शनिवारी सकाळी जयवंत जेवणाच्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, “हेमा.” मग दीड सेकंद. “मीठ.” दीड सेकंद. “कुठं.” दीड सेकंद. “आहे?”

मी मीठ पुढं केलं. तो मंडईत गेला तर भाजीवालीनं त्याला खाली बसवलं आणि पाणी दिलं. “काका, बरं वाटंना का? घरात कोण हाय का, फोन लावू?” तिला वाटलं झटका आलाय. तो कोथिंबीर न घेताच परत आला.

मी पुन्हा फोन केला. सानिका बेंद्रे म्हणाल्या, “काही हरकत नाही मॅडम. तुम्हाला पॉज नेमका किती सेकंदांचा हवाय तेवढं सांगा, मी स्वतः नोंदवते.”

मी फोन धरून उभी राहिले. किती सांगू? त्या वाक्याला तीन पूर्णांक चार, तेही त्या दिवशी, त्या बाईला. मिठाला शून्य. माझ्यावर चिडला असेल तेव्हा किती, लाडात असेल तेव्हा किती? अठ्ठावीस वर्षं मी मापं घेतली आणि मला आकडा सांगता येईना. बाई दोनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणाल्या आणि मी फोन ठेवला.

मागं वळले तर जयवंत दारात होता. त्यानं हनुवटीखालची पट्टी सोलून काढली, स्पीकरसकट तिच्या डबीत ठेवली आणि डबी कपाटात जुन्या चष्म्यांच्या खणात टाकली. मी वही-पेन पुढं केलं. त्यानं एकच ओळ लिहिली, ‘लिहून विनोद होत नाही,’ आणि पेनाला टोपण लावलं. लागेल तेवढी खूण करतो, बाकी गप्प असतो. आवटी आता येत नाहीत. गप्प माणसासमोर किती वेळ भडंग खाणार?

*

पुढच्या रविवारी दहा वाजता माझ्या फोनचा गजर झाला, पंचनाम्याचा. सात वर्षांत पहिल्यांदा मी तो बंद करून कट्ट्यावर गेले नाही. जयवंत समोर बसून लसूण सोलत होता. खिडकी उघडी होती, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं.

मी म्हटलं, “जया, तराजू मी आहे.”

त्याचे हात थांबले.

“ती बारा-चाळीसची नोंद मी केली होती. दोष नव्हता तिथं. मला सापडला नाही म्हणून मी केला. कॉलेजात विंगेतून ओरडले होते ना, तसंच केलं मी परत. दोन्ही वेळेला तुझी जागा मीच मोडली.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मला मोजायचं नव्हतं, पण सवय कुठं जाते? एक. दोन. तीन. आणि वर थोडंसं. यंत्राचं नव्हतं ते, कुणी शिकवलेलं नव्हतं, ते त्याचंच होतं, जसंच्या तसं. त्याला माझी कीव आलेली मला दिसली. त्याला काहीतरी सुचलेलं दिसलं. आणि कितीतरी दिवसांनी माझ्या छातीत ते हसू जमायला लागलं, पुढचं वाक्य यायच्या आधी जमायचं तसं.

मग त्याचे ओठ हलले. चार शब्द असतील, फार तर पाच. मानेच्या भोकातून नुसता वारा आला.

मला काही कळलं नाही. आणि मी नको ते बोलून बसले. “काय म्हणालास?”

शिवी होती, माफी होती की विनोद होता, देव जाणे. जयवंतनं हात हलवला आणि लसूण सोलायला घेतला.